मेंदूतली गाठ साधी की कर्करोगाची : पेट स्कॅनवर किती विसंबावं?

सिंहगडरोडकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जाणकारांचं मत हवंय, लवकर मिळालं तर फार बरं होईल.

माझे मामा, वय ५२, कराडजवळच्या गावी शेती आणि दुधाचा धंदा. गेल्या महिन्यात धार काढताना उजवा हात झटके द्यायला लागला आणि पाठोपाठ शुद्ध गेली. आकडी होती. कराडला सीटी झालं, मग आम्ही त्यांना पुण्याला घेऊन आलो. एमआरआयमध्ये डाव्या फ्रंटल भागात अडीच सेंटीमीटरची गाठ दिसतेय. कॉन्ट्रास्ट दिल्यावर फक्त कड उजळते, आतला भाग काळाच राहतो, भोवती बरीच सूज आहे. रिपोर्टच्या तळाशी तीन नावं आहेत: ट्युबरक्युलोमा, हाय ग्रेड ग्लायोमा, मेटास्टॅसिस. म्हणजे टीबीची गाठ, नाहीतर मेंदूचाच कर्करोग, नाहीतर दुसरीकडून पसरून आलेला कर्करोग.

न्यूरोसर्जननी आकडीच्या गोळ्या चालू केल्यात आणि बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, सुचवलीय. कवटीला भोक पाडणार हे ऐकल्यापासून मामींच्या घशाखाली घास उतरत नाही. मावसभाऊ म्हणतो, आधी पेट स्कॅन करा; कर्करोग असेल तर पेटलेलं दिसतं, नसेल तर दिसत नाही, डोक्याला हात लावायची वेळच येणार नाही. हे एवढं सरळ आहे का?

तात्या_औंध | सोमवार, रात्री १०:०५

धीर धरा. इथे डॉक्टर मंडळी आहेत, सांगतीलच. मामांना एकट्याला विहिरीकडे, रस्त्यावर जाऊ देऊ नका, गाडी चालवू देऊ नका. आकडीची गोळी एकही चुकवायची नाही.

प्राजक्त | सोमवार, रात्री ११:२०

मी पुण्यातच न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी तपासणी करणाऱ्या विभागात, डॉक्टर आहे. मामांचे फोटो पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या गाठीबद्दल मत देणार नाही. पण तुमच्या मावसभावाचा समज फार घरांत ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते.

नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये एफडीजी नावाचं औषध शिरेतून देतात. रचनेने ते ग्लुकोजसारखंच असतं, फक्त त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पहिली रासायनिक पायरीही होते, पण पुढे ते पचत नाही आणि पेशीतच अडकून पडतं. जिथे साखर जास्त खपते तिथे ते जास्त साठतं आणि यंत्रावर तो भाग तेजस्वी दिसतो. फुफ्फुसात, यकृतात, लसिकाग्रंथींत हे उत्तम चालतं, कारण आजूबाजूचा भाग मंद असतो.

मेंदूत तसं नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऊर्जेतला जवळजवळ २० टक्के हिस्सा तो एकटा घेतो. त्यामुळे निरोगी मेंदूचा करडा भागच एफडीजीवर लखलखतो. त्यात कमी ग्रेडचा, म्हणजे सावकाश वाढणारा, ट्यूमर शोधणं म्हणजे दिवाळीत लक्ष्मी रोडवर एक पणती शोधणं. कमी ग्रेडचे ग्लायोमा बऱ्याचदा आजूबाजूपेक्षा मंदच दिसतात. म्हणजे 'पेटलं नाही' याचा अर्थ 'कर्करोग नाही' असा लावता येत नाही.

उलट बाजूनेही फसगत होते. टीबीच्या गाठीत शरीराच्या संरक्षक पेशी दाटीवाटीने जमलेल्या असतात आणि त्या भरपूर साखर खातात. ट्युबरक्युलोमा एफडीजीवर चांगलाच पेटतो, कधी हाय ग्रेड ट्यूमरइतका. पू झालेली गाठही तशीच. लहान मुलांत होणारा पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा ग्रेड १ चा, तरीही तेजस्वी दिसू शकतो. इंजेक्शन दिल्यावर त्याच सुमारास आकडी आली, तर जिथून ती निघते तो भागही उजळतो. तेव्हा पेटलं म्हणजे कर्करोग, हे समीकरण डोक्यातून काढा. आपल्याकडे टीबी इतका आहे की परदेशी आकडे इथे जसेच्या तसे लावणं धोक्याचं आहे.

मग तुमच्या मामांसाठी पेटचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण वेगळा. डोक्यापासून मांडीपर्यंत पूर्ण शरीराचं पेट-सीटी केलं, तर फुफ्फुसात वा आणखी कुठे मूळ कर्करोग दडलाय का ते कळतं. छातीत टीबीची गाठ सापडली तर तिचा तुकडा काढणं मेंदूपेक्षा कितीतरी सोपं. तुमच्या डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: 'मेंदूबाहेर तुकडा घेण्याजोगं काही आहे का, हे पाहायला पेट करायचं का?' पैसे भरण्याआधी हे बोलून घ्या.

डॉ_मेरू | मंगळवार, सकाळी ७:१५

प्राजक्त यांच्याशी शब्दशः सहमत. मी न्यूरोसर्जन. काही गोष्टी जोडतो.

पेटच्या आधी एमआरआयकडूनच बरंच काम करून घेता येतं. डिफ्यूजन, स्पेक्ट्रोस्कोपी, परफ्युजन हे एमआरआयचेच जास्तीचे प्रकार. डिफ्यूजनमध्ये गाठीचा आतला भाग पांढरा फेक दिसला तर पुवाची शंका बळावते. स्पेक्ट्रोस्कोपीत कोलीन हे रसायन वाढलेलं असेल तर ट्यूमरकडे कल जातो, नुसतं लिपिडचं (चरबीचं) उंच टोक असेल तर टीबीकडे. परफ्युजनमध्ये रक्ताचा पुरवठा वाढलेला दिसला तर पुन्हा ट्यूमर. यातली एकही खूण एकटी निर्णायक नाही, पण चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की विश्वास वाढतो. छातीचं सीटी आणि एचआयव्हीची तपासणी झाली नसेल तर आजच करा.

आपल्याकडे आणखी एक पाहुणा असतो, फीतकृमीची अळी. वेल्लोरच्या डॉ. वेदांतम राजशेखर यांच्या गटाने १९९३ मध्ये अळीची गाठ आणि टीबीची गाठ वेगळी ओळखायचे निकष मांडले. एकच गाठ, आकार २० मिलिमीटरपेक्षा कमी, सुजेने मेंदूची मध्यरेषा सरकलेली नाही, रुग्णात आकडीखेरीज वाढत जाणारी कमजोरी नाही, तर अळीची शक्यता जास्त. या निकषांमुळे किती तरुण मुलांची डोकी उघडायची वाचली असतील! मामांची गाठ २५ मिलिमीटर आणि सूज बरीच, म्हणून ती वाट इथे बंद दिसते.

एक कळकळीची सूचना. सुजेसाठी कुणी स्टिरॉइड सुरू करायला निघालं, तर 'लिम्फोमाची (लसिकापेशींच्या कर्करोगाची) शंका आहे का?' एवढं विचारा. मेंदूचा लिम्फोमा स्टिरॉइडने काही दिवसांत विरघळल्यासारखा होतो आणि मग तुकडा काढूनही निदान हाती लागत नाही. रुग्णाच्या जिवावर बेतलं असेल तर स्टिरॉइड द्यावंच लागतं, पण जिथे थांबता येतं तिथे आधी तुकडा, मग स्टिरॉइड.

मामींना सांगा, स्टिरिओटॅक्टिक बायॉप्सी म्हणजे डोकं उघडणं नव्हे. डोक्याला चौकट बसवतात किंवा नॅव्हिगेशन वापरतात, संगणकावर मार्ग आखतात, छोट्या छिद्रातून सुई जाते आणि तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे येतात. रक्तस्रावाचा धोका असतो, लहान असला तरी असतो, तो लपवायचं कारण नाही.

कण_आणि_लहरी | मंगळवार, दुपारी १:३०

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं त्या अंगाने.

पेटमधला अणू पॉझिट्रॉन सोडतो. तो मिलिमीटरभर जाऊन इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नष्ट होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. यंत्राच्या कड्यात समोरासमोर एकाच क्षणी दोन ठोके पडले की उगम त्या रेषेवर कुठेतरी आहे हे कळतं. ही कल्पना माणसावर आधी वापरली गेली तीच मेंदूतल्या ट्यूमरसाठी. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गॉर्डन ब्राउनेल आणि न्यूरोसर्जन विल्यम स्वीट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम केलं, तेव्हा सीटी नव्हतं आणि एमआरआयही नव्हतं. एफडीजी माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं १९७६ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात.

आता अर्धायुष्य. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईहून एक्स्प्रेस वेने डोस आणायचा म्हटलं आणि भरण्यापासून टोचण्यापर्यंत तीन तास गेले, तर निघताना होता त्याचा साधारण एक तृतीयांश उरतो. चालून जातं, जास्त भरून पाठवतात. पण मेंदूच्या पेटमध्ये साखरेऐवजी अमिनो आम्लही वापरतात; त्यातलं सर्वात जुनं नावाजलेलं, मेथिओनिन, कार्बन-११ वर असतं आणि त्याचं अर्धायुष्य २० मिनिटं. तीन तासांत ते पाचशेव्या हिश्श्यावर येतं. खंडाळ्याच्या घाटात गाडी अडकली तर विषयच संपला. त्यासाठी सायक्लोट्रॉन, म्हणजे हे किरणोत्सारी अणू तयार करणारं यंत्र, रुग्णालयाच्या आवारातच लागतो. देशातली पहिली वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेटची सोय २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली.

नीलमोहर | मंगळवार, रात्री ८:५०

सिंहगडरोडकर, तुमच्या धाग्यात माझा प्रश्न घुसवते, रागावू नका. विषय शेजारचाच आहे.

माझ्या नवऱ्याला ग्रेड ३ ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, म्हणजे मेंदूचाच एक ट्यूमर, होता. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया, मग रेडिएशन, मग केमो. तब्येत छान होती, ऑफिसला जात होता. आता नेहमीच्या एमआरआयमध्ये शस्त्रक्रियेच्या जागेजवळ नवीन भाग उजळतोय. एक डॉक्टर म्हणतात आजार परत आला, दुसरे म्हणतात रेडिएशनने झालेली इजा असू शकते, सहा आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करू. तेवढे दिवस कसे काढायचे? प्राजक्तताई, इथे तरी पेट काही सांगेल का?

प्राजक्त | मंगळवार, रात्री ११:४५

नीलमोहर, इथे सांगेल. न्यूक्लिअर मेडिसिनचा मेंदूच्या गाठींत खरा उपयोग कुठे, असं मला कुणी विचारलं तर मी तुमचाच प्रश्न पुढे करीन.

एमआरआयमधली उजळणी म्हणजे रक्त आणि मेंदूमधला पडदा फाटलाय एवढंच. तो ट्यूमरने फाटतो, तसाच रेडिएशनच्या इजेनेही फाटतो. रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात ती इजा काही महिन्यांनी दिसू लागते, कधी दोन-तीन वर्षांनीही. दोन्हींत सूज, दोन्हींत उजळलेली कड, दोन्हींत रुग्णाला सारखाच त्रास. उपचार मात्र अगदी वेगळे. नेक्रोसिसला स्टिरॉइड, काहींना बेव्हासिझुमॅब हे औषध, अनेकदा नुसतं लक्ष ठेवणं. आजार परतला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया, केमो, क्वचित पुन्हा रेडिएशन.

यासाठी साखरेऐवजी अमिनो आम्लावरचा पेट मागा. ट्यूमरच्या पेशींच्या भिंतीत अमिनो आम्लं आत ओढणारी वाहक प्रथिनं वाढलेली असतात. निरोगी मेंदू या औषधांना फारसं आत घेत नाही, त्यामुळे पार्श्वभूमी शांत राहते आणि गाठ उठून दिसते. एफईटी आणि एफडोपा ही दोन नावं लक्षात ठेवा. दोन्ही फ्लोरिन-१८ वर आहेत, म्हणजे प्रवास करू शकतात. मेंदूच्या ट्यूमरसाठी निकष ठरवणाऱ्या रानो या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये अमिनो आम्ल पेटची शिफारस केली आहे. एफडोपा मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियात मुळातच साठतं, म्हणून गाठ त्याच्या शेजारी असेल तर वाचणाऱ्याला फार जपून वाचावं लागतं.

हे मिळालं नाही तर स्पेक्टचा, म्हणजे पेटच्याच जातीच्या जुन्या, साध्या स्कॅनचा, पर्याय आहे. टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी अणूला सेस्टामिबी किंवा ग्लुकोहेप्टोनेट हे औषध जोडून ते काढतात. टेक्नेशियम विभागातच, ते तयार करणाऱ्या जनरेटर नावाच्या छोट्या उपकरणातून मिळतं, खर्चही पेटपेक्षा कमी. चित्र ढोबळ येतं, लहान गाठ निसटू शकते. पण निरोगी मेंदू ही औषधं जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे 'परत आलाय की इजा आहे' या प्रश्नापुरतं ते प्रामाणिक उत्तर देतं. भारतातल्या मोठ्या संस्थांनी यावर भरपूर काम केलेलं आहे. नवीन यंत्राच्या नादात आपण स्पेक्टला फार लवकर अडगळीत टाकलं, असं माझं ठाम मत आहे.

डॉ_मेरू | बुधवार, सकाळी ६:५०

स्पेक्टबद्दल +१. एचआयव्ही असलेल्या रुग्णात मेंदूत गाठी दिसल्या की टॉक्सोप्लाझ्मा (एका परजीवीचा संसर्ग) की लिम्फोमा हा पेच असतो. त्यात थॅलियम-२०१ या किरणोत्सारी औषधाच्या स्पेक्टने फार मदत केली आहे. लिम्फोमा थॅलियम घेतो, टॉक्सोप्लाझ्मा सहसा घेत नाही.

गौरीहर | बुधवार, दुपारी ४:१०

वाचतोय, फार उपयुक्त धागा. शंका: घरी आठ महिन्यांचं बाळ आहे, आजोबांचं पेट व्हायचंय. त्यांना किती दिवस दूर ठेवायचं?

प्राजक्त | बुधवार, सायंकाळी ७:००

दिवस नाही, तास. फ्लोरिन-१८ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नगण्य होतं. त्या दिवशी आजोबांनी बाळाला मांडीवर घेऊ नये, भरपूर पाणी प्यावं, वरचेवर लघवीला जावं. घरात कुणी गरोदर असेल तर तिनेही त्या दिवशी अंतर राखावं. वेगळी भांडी, वेगळं अंथरूण, कशाचीही गरज नाही. आजोबांना अस्पृश्यासारखं कोपऱ्यात बसवू नका, हे मुद्दाम सांगते, कारण मी तसं झालेलं पाहिलंय.

सिंहगडरोडकर | पुढचा रविवार, सकाळी ११:३०

सगळ्यांचे आभार. घडलेलं सांगतो.

छातीच्या सीटीत जुना वाळलेला डाग निघाला, तुकडा घेण्यासारखं काही नाही. एचआयव्ही नाही. डॉक्टरांशी बोलून पूर्ण शरीराचं पेट केलं. पहिल्या केंद्रावर आम्हाला अपुरी माहिती दिली होती. सकाळी चहा-बिस्किटं चालतील असं फोनवर सांगितलं आणि तिथे गेल्यावर साखर जास्त म्हणून परत पाठवलं. मामांना डॉक्टरांनी साखर वाढवणारं स्टिरॉइड अजून दिलेलं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या ठिकाणी उपाशीपोटी साखर १०८ आली आणि काम झालं. अंधाऱ्या खोलीत, बोलायचं नाही, मोबाइल नाही, असं त्यांना निजवून ठेवलं होतं.

रिपोर्ट: बाकी शरीरात काही नाही, मेंदूतल्या गाठीच्या कडेला 'तीव्र अपटेक', म्हणजे औषध खूप साठलेलं. मावसभावाने ते वाचलं आणि घरात रडारड सुरू झाली. मी मामींना प्राजक्त यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, टीबीही पेटतो हा परिच्छेद दोनदा. त्यानंतर मामींनी बायॉप्सीला होकार दिला.

बायॉप्सी गुरुवारी झाली. दुसऱ्या दिवशी मामा पलंगावर बसून म्हशींची चौकशी करत होते. प्राथमिक अहवालात ग्रॅन्युलोमा (संरक्षक पेशींचा पुंजका), मध्ये मृत भाग, ट्यूमरच्या पेशी नाहीत. तुकड्याची जीनएक्स्पर्ट ही जनुकीय तपासणी टीबी दाखवतेय, रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला प्रतिकार नाही. कल्चरचं, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचं, उत्तर यायचंय.

डॉ_मेरू | रविवार, दुपारी १२:१५

फार आनंद झाला. उपचार लांब चालतील, वर्षभर धरून चाला, गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. पहिल्या काही महिन्यांत औषध चालू असूनही गाठ थोडी मोठी झालेली दिसू शकते. ती शरीराची प्रतिक्रिया असते, घाबरून औषध बदलू नका, न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा. आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: बायॉप्सीच्या आधी डॉक्टरांना विचारा की एक तुकडा सलाइनमध्ये कल्चरसाठी जाणार आहे ना? सगळे तुकडे फॉर्मालिनमध्ये गेले तर जंतू मरतात आणि कल्चर करताच येत नाही.

तात्या_औंध | रविवार, दुपारी १:००

वा! मामींना नमस्कार सांगा. सरकारी योजनेतून काही करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच गाठा, नंतर कागद जुळवताना दमछाक होते.

नीलमोहर | रविवार, रात्री ९:२०

मामांचं वाचून बरं वाटलं. आमचं एफडोपा ठरलंय. सोबत काय न्यायचं? त्याच्या उपाशी राहण्याचं काय?

प्राजक्त | रविवार, रात्री १०:३५

चार तास उपाशी, पाणी चालेल. आदल्या रात्री पनीर, अंडी, मांसाहार बेताने, कारण जेवणातली अमिनो आम्लंही त्याच दारातून आत जातात. साखर वाढलेली असली तरी या तपासणीला अडचण नाही. आकडीच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या.

सोबत न्यायचं ते असं. शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी अहवाल. रेडिएशन कधी संपलं ती तारीख आणि रेडिएशन विभागाकडून डोसचा नकाशा, म्हणजे नवीन उजळणी त्या जास्तीच्या डोसच्या पट्ट्यात आहे की बाहेर, हे ताडून पाहता येतं. शस्त्रक्रियेनंतरच्या सगळ्या एमआरआयच्या सीडी, नुसते कागदी रिपोर्ट किंवा फिल्म नकोत, कारण आम्ही पेटचं चित्र एमआरआयवर बसवून वाचतो. तीन महिन्यांपेक्षा जुना एमआरआय असेल तर नवीन करून मगच या. आणि अर्जावर प्रश्न स्पष्ट लिहून घ्या: 'रिकरन्स की रेडिएशन नेक्रोसिस'. नुसतं 'ब्रेन ट्यूमर, पेट' असं लिहिलेले अर्ज रोज येतात आणि मग सकाळभर मला फोन करून विचारावं लागतं. सीडी घरी एकदा चालवून बघा, निम्म्या रिकाम्या निघतात.